एकाच नावाला चार दप्तरांत चार नियम कशाला?

‘शेतकऱ्यांना’ हा शब्द सरकारी कागदांत इतका येतो की तो तरी सगळीकडे एकसारखा साठवलेला असेल असं वाटावं. तसं नाही. संगणकात तो निदान चार तऱ्हांनी पडून आहे. एका ठिकाणी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरलेलं असतं. दुसरीकडे साधा ‘र’, हलन्त (अक्षराचा पाय मोडणारी खूण) आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. दिसायला दोन्ही हुबेहूब. तिसरीकडे ‘शेतकर्यांना’, म्हणजे रफार चढवून. आणि चौथीकडे ‘शेतक-यांना’, मधे चक्क आडवी रेघ. ही रेघ जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या एकाच अक्षरसंचात, आणताना मागे राहिलेली. माणूस चारही रूपं वाचतो आणि पुढे जातो. शोधयंत्राच्या लेखी ते चार वेगळे शब्द असतात, आणि चौथा तर दोन तुकडे. ‘वऱ्हाड’ आणि ‘पऱ्हाटी’ यांची हीच गत. आमच्या मुलखाचं नाव आणि आमचं कापसाचं पीक, दोन्ही शोधताना हमखास दगा देणारी.

याला आपण ‘एन्ट्री करणाऱ्याची चूक’ म्हणून मोकळे होतो. टाइप करणाऱ्या पोराच्या माथी खापर फोडणं सोपं आहे. मला ते पटत नाही. मजकूर शोधण्याजोगा करायचा तर त्यावर काही पायऱ्या चालवाव्या लागतात, आणि त्यांतल्या पहिल्या काही पायऱ्या कुठल्याही रकान्याला, कुठल्याही खात्याला सारख्याच लागतात. त्या प्रत्येक कंत्राटदाराने प्रत्येक रकान्यासाठी आपापल्या अकलेने नव्याने बांधायच्या, हा प्रकार थांबला पाहिजे. राज्याने त्या एकदाच, सगळ्यांना दिसतील अशा बांधाव्यात आणि सर्वांनी त्याच वापराव्यात. पुढच्या पायऱ्या मात्र रकान्यागणिक वेगळ्या राहिल्याच पाहिजेत. सामाईक कुठवर आणि फाटा कुठून, हा वादाचा खरा मुद्दा आहे, आणि तो निव्वळ प्रोग्रामरवर सोडून देण्यासारखा नाही.

शोधयंत्र आपल्या मूळ मजकुरात शोधत नाही. ते आधीच तयार करून ठेवलेल्या सूचीत शोधतं. डग कटिंग या प्रोग्रामरने १९९९ मध्ये लिहिलेलं ल्युसीन हे शोधाचं सॉफ्टवेअर, त्यावर उभं राहिलेलं सोलर, २०१० मध्ये आलेलं इलास्टिकसर्च, या सगळ्यांची रीत एकच. एका नोंदीचे रकाने असतात: नाव, गाव, गट क्रमांक, पीक, शेरा. प्रत्येक रकान्याला एक साखळी जोडलेली असते. आधी अक्षरांची साफसफाई, मग मजकुराचे शब्दांत तुकडे, मग त्या तुकड्यांवर एकामागून एक गाळण्या. कोणी अंक बदलते, कोणी प्रत्यय कापते, कोणी उच्चारावरून सांकेतिक रूप काढते. साखळीच्या शेवटी जे उरतं ते सूचीत जातं. तुम्ही शोधपेटीत टाकलेला शब्दही त्याच साखळीतून जावा लागतो. नाही गेला तर सूचीत एक रूप आणि विचारणीत दुसरं, आणि पडद्यावर ‘माहिती उपलब्ध नाही’.

आता गंमत अशी की एकाच यंत्राच्या पोटातसुद्धा या साखळ्या एकमेकींपासून फुटून निघतात. सोलरमध्ये एका रकान्याचा मजकूर दुसऱ्यात उतरवण्याची सोय आहे, पण उतरतो तो कच्चा मजकूर, साफसफाईच्या आधीचा. म्हणजे खातेदाराचं नाव ‘नेमकं नाव’, ‘सैल नाव’ आणि ‘सगळ्यात शोधा’ अशा तीन रकान्यांत गेलं, तर त्याची धुलाई तीनदा, तीन वेगळ्या ठिकाणी होते. पहिल्या दिवशी तिन्ही नियम सारखे असतात. पुढे कोणीतरी एका तक्रारीवरून एका जागी एक नियम घालतो, बाकीच्या दोन जागा विसरतो. मग नाव एका पेटीत सापडतं, दुसरीत नाही, आणि का ते कोणालाच सांगता येत नाही.

ल्युसीनमध्ये यावर एक उपाय आहे. टी-सिंक नावाची गाळणी मजकुराचे तुकडे एकदाच पाडते आणि तेच तयार तुकडे दुसऱ्या रकान्यांना वाटते. अट एवढीच की जिथे ही गाळणी बसवली तो रकाना आधी सूचीत जायला हवा, घेणारे रकाने त्याच्यामागून. आमच्याकडच्या माणसाला हे जिनिंगवर नेऊन दाखवता येईल. कापूस रेच्यावर, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रावर, एकदाच चढतो. रुई गाठी बांधायला जाते, सरकी तेलाच्या मिलकडे, आणि तिथून निघालेली ढेप गोठ्यात येते. गाठीवाल्याने आणि सरकीवाल्याने आपापला रेचा वेगळा लावायचा म्हटलं, तर खर्च दुप्पट होतोच, शिवाय दोघांच्या मालाचा मेळही बसत नाही.

खर्चाचा मुद्दा मी फारसा ताणणार नाही. एका जिल्ह्याचे खातेदार संगणकाला काही जड नाहीत. तीनदा धुतले काय आणि एकदा धुतले काय, यंत्राचा वेळ वाचून तालुक्याचं भलं होणार नाही. फायदा आहे तो मेळाचा. आणि मेळ एका यंत्रापुरता पुरेसा नाही.

कारण आमच्याकडे दर दोन-तीन वर्षांनी नवी यादी येते आणि तिच्याबरोबर नवी शोधपेटी. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना, २०१९ ची महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती, त्याच वर्षीची पीएम-किसान, २०२१ पासून ई-पीक पाहणी, मग शेतकरी ओळख क्रमांक. सातबारा वेगळा, सोसायटीचं कर्जखातं वेगळं, विम्याची यादी वेगळी. आधारवर नाव इंग्रजीत आणि मराठीत दोन्ही असतं, आणि नोंदणी करताना त्यांतलं मराठी बहुतेक वेळा यंत्रानेच इंग्रजीवरून उतरवलेलं असतं. ज्ञानेश्वर रोमन लिपीत कोणी ‘डीएन’ने सुरू करतो, कोणी ‘जीवाय’ने, कोणी नुसत्या ‘डीवाय’ने, तिथून तो मराठीत परत येताना काय होऊन येईल ते नशीब.

तालुक्याच्या ऑनलाइनच्या दुकानात अर्धा तास बसलं की हे सगळं उघड्या डोळ्यांनी दिसतं. अर्जाच्या थप्प्या, लॅमिनेशनचा वास, आणि बाकावर सातबाऱ्याची घडी हातात धरून बसलेले म्हातारे.

“बाबाजी, तुमचं नाव तं भेटूनच नाही राह्यलं.”

“काहून रे? बँकेत तं आहे ना बाप्पा!”

बँकेत ‘राऊत’ होतं, यादीत ‘राउत’. पण मला खरं बघण्यासारखं वाटलं ते पोराने पुढे काय केलं ते. त्याने पूर्ण नाव खोडलं, पहिली दोन अक्षरं ठेवली, आणि गावाची सगळी यादी बोटाने खाली ओढत बसला. ही त्याची रोजची पद्धत. कोणत्या संकेतस्थळावर आडनाव आधी टाकायचं, कुठे मधलं नाव टाकायचंच नाही, कुठे अनुस्वार असलेलं अक्षर टाळायचं, हे त्याला तोंडपाठ आहे. यंत्राने करायचं काम तो डोळ्यांनी करतो, आणि रांग दाराबाहेर जाते. ज्या म्हाताऱ्याला असा पोरगा भेटत नाही त्याचं नाव ‘नाही’ म्हणून निघून जातं. संकेतस्थळाचं नाव मी मुद्दाम घेत नाही. कुठलंही घ्या, अनुभव तोच.

तर सामाईक भागात काय असावं? माझी यादी छोटी आहे. युनिकोडमधलं एकच अक्षर लिहिण्याच्या ज्या दोन-तीन रीती आहेत त्या एका रूपावर आणणं. ‘ॲड.’मधला पहिला स्वर घ्या: तो स्वतंत्र अक्षराने लिहिता येतो, ‘अ’वर चंद्र देऊनही, आणि हिंदीकडच्या कळफलकावरून ‘ऍ’ असाही. देवनागरी अंक आणि इंग्रजी अंक एक करणं. गट क्रमांक अर्ध्या दप्तरांत एका लिपीत आहेत आणि अर्ध्यांत दुसऱ्या. विसर्गाच्या जागी टाइप केलेला कोलन ओळखून विसर्ग करणं. ‘अम्बादास’ आणि ‘अंबादास’ एकत्र आणणं. आणि हा ‘ऱ’चा चौपदरी घोळ निस्तरणं.

यात क्रमाला फार महत्त्व आहे. न दिसणारी जोडचिन्हं कचरा समजून आधीच झाडून टाकली, तर ‘दऱ्या’ची ‘दर्या’ होते. डोंगरातली घळ समुद्राला जाऊन मिळते. आधी त्या र-हलन्त-जोडचिन्हाचा ‘ऱ्’ करायचा, मगच उरलेली चिन्हं पुसायची. ‘शेतक-यांना’मधली रेघही शब्दांचे तुकडे पडण्याआधीच काढावी लागते, कारण तुकडे पाडणारं यंत्र रेघ दिसली की तिथेच तोडतं आणि तुटल्यावर सांधता येत नाही. पण ‘राम-हरी’तली रेघ खरी आहे. म्हणून हा नियम सरसकट चालवता येत नाही, शब्दयादीच्या आधारानेच चालवावा लागतो. अशी यादी करायला मराठीची बऱ्यापैकी जाण आणि महिनाभराची चिकाटी लागते. प्रत्येक निविदेतला प्रत्येक प्रोग्रामर ती दाखवेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. ती एकाने दाखवावी, बाकीच्यांनी वापरावी.

हे काही मी कुठून नवं काढलेलं नाही. ल्युसीनमध्ये हिंदी आणि बंगालीसाठी तयार साखळ्या आहेत, आणि दोन्हींत सुरुवातीला भारतीय लिप्यांची एक सामाईक गाळणी आहे. तिच्यानंतर हिंदी हिंदीच्या वाटेने जाते, बंगाली बंगालीच्या. साधन बनवणाऱ्यांनीच ‘आधी सामाईक, मग फाटा’ हे केलेलं आहे. मराठीची मात्र तयार साखळी त्यात नाही. मग आपल्याकडचे लोक काय करतात? देवनागरी आहे ना, मग हिंदीची लावून मोकळे होतात. हिंदीची गाळणी ‘ऱ’चा ‘र’ करते, हलन्त काढून टाकते, दीर्घ ‘ई-ऊ’ ऱ्हस्व करते. तिच्या घरी ते ठीक असेल. मराठीत तिच्यामुळे ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ एक होतात, ‘सूत’ आणि ‘सुत’ एक होतात. कापसाच्या मुलखात सूत शोधणाऱ्याला मुलगा मिळणं परवडणारं नाही. ‘ल’ आणि ‘श’ कसे काढावेत यावर २००९ मध्ये आपण शासन निर्णय काढला. अक्षराच्या शेंडीची एवढी काळजी घेणाऱ्या राज्याने अक्षराच्या साठवणीची थोडी घ्यायला हरकत नव्हती.

आता फाटा. इथे माझं उत्साही मित्रांशी पटत नाही. त्यांना वाटतं, एकदा सामाईक साखळी झाली की सगळे रकाने तिच्यातूनच शेवटपर्यंत काढावेत. एक नियम, एक राज्य. हे घातक आहे. मराठीत शेरा किंवा बातमी शोधायची तर प्रत्यय कापावेच लागतात, कारण ‘कापूस’ टाकणाऱ्याला ‘कापसाला’, ‘कापसाचा’ही हवं असतं. पण तीच प्रत्यय कापणारी गाळणी नावाच्या रकान्यावर चालवा. सप्तमीचा ‘त’ कापला की ‘राऊत’चा ‘राऊ’, ‘भगत’चा ‘भग’. तृतीयेचा ‘ने’ कापला की ‘माने’चा ‘मा’. आमच्या तालुक्यात राऊत आणि भगत वगळले तर मतदार यादी पातळ होईल.

गावाच्या रकान्यातही असंच. इंग्रजीतल्या ‘द’, ‘ऑफ’सारखे निरर्थक शब्द गाळायची सवय असलेला माणूस ‘खुर्द’ आणि ‘बुद्रुक’ इतक्यांदा येताना बघतो आणि तेही गाळून टाकतो. पण खुर्द आणि बुद्रुक ही दोन वेगळी गावं आहेत, कित्येकदा तलाठीही दोन वेगळे, कधीकधी एकमेकांशी बोलतही नाहीत. ‘खु.’ आणि ‘बु.’ या संक्षेपांचा विस्तार करायचा, गाळायचं काहीच नाही. चांदूर म्हटलं तर रेल्वे की बाजार, कारंजा म्हटलं तर लाड की घाडगे, मंगरूळ म्हटलं तर पीर की दस्तगीर, हे दुसरं पदच सगळं ठरवतं. आणि गट क्रमांकातली तिरपी रेघ म्हणजे पोटहिस्सा. ती दिसली की तोडायची, हा शेऱ्यासाठी योग्य नियम जमिनीच्या रकान्यात लावला, तर एका भावाचं शेत शोधताना सगळ्या भाऊबंदांची वावरं पडद्यावर येतात.

ऱ्हस्व-दीर्घ मी सामाईक भागात घालणार नाही, हेही सांगून टाकतो. ‘राऊत’ आणि ‘राउत’, ‘पुंडलिक’ आणि ‘पुंडलीक’, ‘चांदूर’ आणि ‘चांदुर’ एक झालेच पाहिजेत, पण ते नावाच्या आणि गावाच्या फाट्यावर. शेऱ्यात ते वेगळेच राहू द्यावेत.

याच्याही पुढचा प्रश्न वानखडे आणि वानखेडे यांचा. बाहेरच्याला ही एकाच नावाची दोन रूपं वाटतात. कित्येकदा असतातही, बापाच्या दाखल्यावर एक, पोराच्या दाखल्यावर दुसरं. पण एकाच गावात दोन वेगळी घरंही असू शकतात. जमीन ही जमीन आहे; यंत्राने आपल्या मनाने दोघांना एक करून टाकलं तर फौजदारी होईल. म्हणून उच्चारावरून जुळवणी हा शेवटचा फाटा, आणि त्यातून मिळालेलं नाव ‘हेच’ म्हणून दाखवायचं नाही, ‘मिळतीजुळती नावं’ या मथळ्याखाली वेगळं दाखवायचं. ठरवेल माणूस. मूळ नोंद जशी लिहिली होती तशी अक्षरशः जपून ठेवायची, कारण कोर्टात तीच चालते. धुतलेलं रूप फक्त शोधण्यापुरतं.

सामाईक साखळीवर एक आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो, आणि तो खाजगीपणाचा आहे. सगळ्या खात्यांनी नावं एकाच रूपात आणली, तर एका यादीला दुसरी जोडणं फार सोपं होईल. आज हा घोळच कित्येकांचं नकळत रक्षण करतो, असं एक वकील मित्र म्हणतो, आणि त्यात तथ्य आहे. पण घोळाच्या भरवशावर कोणाचं रक्षण टिकत नाही. ज्याला जोडायचंच आहे तो आधार क्रमांकाने जोडतो. त्रास होतो तो आपलं नाव शोधायला आलेल्याला. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, त्याची अंमलबजावणी मागावी. मी मागतोय ते नियमांचं सामाईकीकरण. नोंदी ज्याच्या त्याच्या दप्तरातच राहतील.

दुसरी अडचण व्यवहारातली. सामाईक भागातला एक नियम बदलला की त्यावर उभ्या सगळ्या सूच्या पुन्हा बांधाव्या लागतात. अर्ध्या बांधल्या आणि अर्ध्या राहिल्या, तर जुन्या नोंदी एका रूपात, नव्या दुसऱ्या, आजच्यापेक्षा वाईट. त्यामुळे या साखळीला आवृत्ती क्रमांक हवा, बदल वर्षातून ठरलेल्या वेळीच व्हावेत, आणि ती वेळ पीककर्ज आणि विम्याच्या धावपळीत म्हणजे जून-जुलैमध्ये तर मुळीच नसावी. ‘आम्हाला स्वतंत्र राहू द्या, आम्ही लवकर सुधारू’ असं म्हणणाऱ्या खात्याला माझं उत्तर एवढंच की ते आजवर स्वतंत्रच होते.

मागणी करायची तर कशाची? नियमांचा कोड खुला ठेवावा, म्हणजे वर्ध्याच्या कॉलेजातली पोरंही तो वाचतील आणि चुका काढतील. आणि त्याच्यासोबत एक तपासणीची यादी असावी: हा शब्द असा टाकला तर ही नोंद सापडली पाहिजे, आणि ही सापडता कामा नये. दुसरा भाग पहिल्याइतकाच गरजेचा आहे. निविदेत लिहावं की या यादीत उत्तीर्ण झाल्याशिवाय शेवटचं बिल निघणार नाही. कंत्राटदार मराठीवरच्या प्रेमाने नाही तर बिलासाठी ‘ऱ’ शिकेल, आणि माझी त्यालाही हरकत नाही.

ही यादी पुण्या-मुंबईत बसून झाली तर तिच्यात देशपांडे आणि जोशी नीट सापडतील. गडचिरोलीतले मडावी, आत्राम, कोवे, उईके (आणि उइके), मेळघाटातले कासदेकर, बेठेकर, जांभेकर तिच्यात पहिल्या दिवसापासून पाहिजेत. त्यांची नावं मराठी लिहिणाऱ्या परक्या हातांनी ऐकून उतरवली, त्यामुळे रूपांचा घोळ तिथे सगळ्यात जास्त आहे, आणि रांगेत परत येण्यासाठी गाडीभाडंही त्यांनाच सगळ्यात जास्त पडतं. धारणीहून किंवा भामरागडहून जिल्ह्याला जाऊन ‘नाव नाही’ ऐकणं म्हणजे एक मजुरी बुडणं.

ऑनलाइनच्या दुकानातल्या पोराला शोधपेटीच्या शेजारी एक बटण द्यावं: ‘नोंद आहे, पण शोधात आली नाही’. त्याने ते दाबलं की टाकलेलं नाव आणि शेवटी हाताने शोधलेलं नाव, असा जोड त्या यादीत तपासणीसाठी जावा. आज तो असं काही कळवायला गेला तर सात ठिकाणी सात तक्रारी कराव्या लागतात, आणि सहा ठिकाणी पत्ताच नसतो. साखळीचा पहिला भाग एकच असला, तर दारव्ह्यात सापडलेला दोष एकदा दुरुस्त होईल आणि पुढच्या आवृत्तीपासून सातबारा, विमा, सोसायटी सगळीकडे झालेला असेल. दारव्हा हे नावही तपासणीच्या यादीत घालावं. त्याच्या सामान्यरूपातलं ‘व्ह्य’ हे जोडाक्षर किती संकेतस्थळांवर धड उमटतं ते एकदा बघाच.